मुदत संपलेला दिवा

फोन वाजला तेव्हा द्वारकाबाई ओसरीत ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. सकाळचे नऊ वाजले असतील. या घरात फोन यायचा तो फक्त बद्रीचा. जहाज बंदराला लागलं की यायचा, आणि तोही रात्री जेवणं झाल्यावर. सकाळी नऊला वाजणाऱ्या फोनचं लक्षण काही ठीक नाही, हे बाईला पहिल्याच घंटीला कळलं. तरी तिनं हात पुसले, पदर सारखा केला, फोनवरचा विणलेला रुमाल घडी घालून बाजूला ठेवला. उगीच वेळ काढला. आपण उचललाच नाही तर पलीकडच्या माणसाला काही सांगताच येणार नाही, असलं काहीतरी खुळं तिच्या डोक्यात आलं होतं. पण फोन काही थांबेना.

"नमस्कार. बद्रीनाथचं घर ना? मी मुंबईहून बोलतेय, जहाज कंपनीच्या ऑफिसातून. माझं नाव रजनी. आपण कोण?"

"मी त्याची माय."

"आई, घाबरू नका हं."

झालं! आता तुम्हीच सांगा, असं म्हटल्यावर कोणती माय घाबरायची राहील? द्वारकाबाई भिंतीला टेकली आणि म्हणाली, "काय झालंय ते सांगा."

रजनीनं सांगितलं. बिचारी हळूहळू, शब्द निवडून सांगत होती. 'चंद्रलेखा', म्हणजे बद्रीचं जहाज, आखातातून गंधक भरून गुजरातकडे येत होतं. अरबी समुद्रात वादळ उठलेलं. काल संध्याकाळी सहाला जहाजाशी शेवटचं बोलणं झालं, तेव्हा सगळं ठीक होतं. त्यानंतर जहाज बोलायचं बंद झालं. रात्रभर हाका मारल्या, उत्तर नाही. आणि आज सकाळी पावणेसातला वरून, उपग्रहाकडून, संकटाचा इशारा आला.

"कसला इशारा?"

"जहाजावर एक यंत्र असतं आई. जहाज बुडायला लागलं की ते सुटून पाण्यावर तरंगतं आणि आपोआप..." रजनी थबकली. 'बुडायला' हा शब्द तिच्या तोंडून निसटून गेला होता. "म्हणजे असंच झालंय असं नाही. जागा कळलीय, विमान निघालंय. खरं तर ते दोन जागा दाखवतं, एक खरी, एक फसवी. एक जमिनीवर कुठंतरी आली, ती सोडून दिली. दुसरी भर समुद्रात आहे, विमान तिकडंच जातंय. फक्त एक आहे. तो इशारा एकदाच आला. उपग्रह परत वरून गेला, तेव्हा काही ऐकू आलं नाही."

"परत ऐकू आलं न्हाई म्हंजे?"

टीव्हीवर बातमी यायच्या आधी घरच्यांना सांगावं म्हणून फोन केला, तासाभरात परत करते, असं म्हणून रजनीनं फोन ठेवला.

द्वारकाबाई तिथंच खाली बसली. बद्री दोन पोरींच्या पाठीवरचा, नवसासायासानं झालेला. जालन्याला फिटरचं शिकला आणि कुठून कुठून खटपट करून जहाजाच्या इंजिनखान्यात लागला. टेंभुर्णीतलं पोरगं समुद्रावर जातं म्हटल्यावर गावानं काय काय टिंगल केली! "बद्री, समुद्राला मोटार लावून कपाशी भिजव रे," असं म्हणायचे. द्वारकाबाईनं स्वतः समुद्र बघितला नव्हता. तिला फक्त एवढंच ठाऊक की त्याला तळ लागत नाही, आणि आत्ता तिला बसल्या जागी तेवढंच दिसत होतं. पोरगं खाली खाली जातंय आणि त्याच्या पायाला काही लागत नाहीये.

तिनं जो हंबरडा फोडला तो ऐकून शेजारच्या घरातून दीर साहेबराव धावत आला, एका पायात चप्पल, दुसरा तसाच.

"वहिनी! काय झालं?"

तिनं जमेल तसं सांगितलं. साहेबरावाच्या तोंडचं पाणी पळालं, पण गडी खंबीर. म्हणाला, "दादा कुठंय?"

"सहाला लाइट येणार व्हती म्हणून अंधारातच शेतात गेलेत. हरभऱ्याला पाणी द्यायला."

"चला. त्याला असं दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको."

साहेबरावानं राजदूत काढली. एरवी द्वारकाबाई त्या गाडीवर बसायला का-कू करायची. आज बसली आणि सीटचा दांडा घट्ट धरून राहिली. रस्ताभर ती देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न करत होती, पण एकही देव आठवेना.

शेत गावापासून मैलभर. कडूबा विहिरीच्या कठड्याजवळ बिडी ओढत बसला होता, मोटार चालू होती, आणि माणूस अगदी खुशीत होता. म्हणजे बघा, बायको भावाच्या गाडीवर बसून, केस मोकळे, तोंड पांढरंफटक घेऊन आली, आणि हा लांबूनच ओरडतो, "बरं झालं आलात! या, गंमत दाखवतो. आता पाणी बघायला कठड्यावर वाकायची जरूर न्हाई. लांबून दिसतंय, बराबर!"

"अहो, गप बसा!" द्वारकाबाई किंचाळली. "बद्रीचं जहाज बुडालं म्हणतात!"

कडूबाची बिडी हातातून पडली. तो उभा राहायला गेला आणि परत बसला. साहेबरावानं त्याला काय काय झालं ते सांगायला सुरुवात केली: सकाळी पावणेसातला इशारा आला, यंत्र पाण्यात पडलं की आपोआप हाक मारतं, ती हाक उपग्रह ऐकतो. द्वारकाबाईला ते परत ऐकवेना. ती तोंड फिरवून कठड्याला धरून उभी राहिली आणि तिची नजर विहिरीत गेली.

पाण्यावर नारंगी रंगाचं काहीतरी तरंगत होतं. आणि त्याच्या डोक्यावर पांढरा दिवा लागत होता, विझत होता. लागत होता, विझत होता.

यांच्याकडची एक रीत सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. इकडं लाइट येते तिच्या मर्जीनं, आणि विहिरीला पाणी किती आहे हे न बघता मोटार दाबली तर मोटार कोरडी फिरून जळते. म्हणून लोक विहिरीत दोरीला एक रंगीत कॅन बांधून सोडून देतात. कॅन किती खाली गेला ते बघायचं आणि मग बटण दाबायचं. कडूबाची नजर साठीत मंदावलेली, त्याला कॅनही भडक लागायचा. त्याचा लाल कॅन दिवाळीत फुटला. आणि घरी ओसरीत खुंटीला, बद्रीनं आणलेलं ते नारंगी डबडं टांगलेलं होतंच की! तरंगणारं, भडक, वर त्याची स्वतःची पक्की दोरी. आज पहाटे निघताना कडूबानं ते खुंटीवरून काढलं, आणि सहाच्या सुमाराला विहिरीत सोडलं.

बद्रीनं ते श्रावणात सुट्टीला येताना आणलं होतं. जहाजावर नवीन आलं, जुनं टाकून देणार होते, म्हणून कुणाला न विचारता यानं पिशवीत घातलं. "माय, हा संकटाचा दिवा. याला पाणी लागलं की हा वर आभाळात हाक मारतो." द्वारकाबाईनं हात मागे घेतला तेव्हा तो हसला होता. "आता कशाला भेतीस? मेला तो. याची मुदत संपली, हे बघ तारीख." कडूबाला औषधाची मुदत कळत होती. मुदत संपलेल्या फवारणीनं मावाही मरत नाही, हे त्यानं स्वतः भोगलेलं. तेव्हा मुदत संपली म्हणजे कारभार संपला, एवढाच अर्थ त्या घरात निघाला.

द्वारकाबाई बघत राहिली. मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसणं होतं का रडणं, हे साहेबरावालाही कळलं नाही.

"आपलाच हाय! अहो, तो इशारा आपलाच हाय! समुद्रातून न्हाई, आपल्या हिरीतून गेलाय तो!"

कडूबा धडपडत कठड्याशी आला. साहेबरावानं वाकून बघितलं. "आरारारा! त्यावर जहाजाचंच नाव हाय ना? त्यांना वाटलं जहाजच ओरडतंय. दादा, काय करून बसलास तू!"

पण कडूबा हसत होता, डोळे पुसत होता, परत हसत होता. "मंग बद्री बराबर हाय! काही झालं न्हाई त्याला! मवीच चूक, मवीच," तो आपल्याच छातीवर हात मारून म्हणाला. तिघांचा जीव भांड्यात पडला. साहेबरावानं तर भावाच्या पाठीत एक धपाटाही घातला.

आणि त्या धपाट्याचा आवाज विरायच्या आत द्वारकाबाईचं हसू थिजलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "हे हिरीत कधी पडलं?"

"दादा म्हणतो सहाला, साडेसहाला."

"आज सकाळी. आन् जहाज बोलायचं बंद झालं काल संध्याकाळी."

मोटार तेवढी चालू होती.

भीती एकदा जाऊन परत येते ना, ती पहिल्यापेक्षा वाईट. पहिल्या वेळी निदान कुणीतरी म्हणत होतं की जागा कळलीय, विमान निघालंय. आता जागाही खोटी निघाली. जहाज बारा तासांपेक्षा जास्त वेळ गप्प होतं, वादळात होतं, आणि ते कुठं आहे हे जगात कुणालाही माहीत नव्हतं. द्वारकाबाई कठड्याला टेकून खाली बसली.

कडूबा दोरी ओढायला लागला. तिनं झडप घालून त्याचा हात धरला. "काढू नका!"

"अगं, पर..."

"काढू नका म्हणते ना! हे ओरडून राह्यलंय म्हणून विमान फिरून राह्यलंय. हे बंद झालं की ते म्हणतील, बरं झालं, खोटा इशारा व्हता, चला घरी."

साहेबरावाचंही तेच मत पडलं. आणि त्याला आणखी एक दिसत होतं. "वहिनी, बिलकुल सांगायचं न्हाई. बद्रीनं हे न विचारता आणलंय. चोरीचा आळ येईल, नोकरी जाईल, वर सरकारला फसवलं म्हणून पोलीस येतील ते वेगळे. दिवा राहू द्या हिरीत. शोधू द्या त्यांना. आपलं काय जातंय?"

बोलणं बरोबर होतं. वकिलानंसुद्धा हेच सांगितलं असतं. द्वारकाबाई मान हलवत होती, पण नजर विहिरीतून हलत नव्हती. दिवा लागत होता, विझत होता.

तिला राजूरची चतुर्थी आठवली. बद्री सहा वर्षांचा असताना गणपतीच्या गर्दीत तिच्या हातातून सुटला होता. एका फुगेवाल्यानं सांगितलं, लाल सदऱ्याचं पोरगं तळ्याकडं जाताना बघितलं. भला माणूस, मदत म्हणूनच बोलला. त्याच्या शब्दावर सगळे तळ्याकडं पळाले. पोहणारे उतरले, बांबू घालून तळ ढवळला, ती काठावर ऊर बडवत बसली. तीन तास. आणि पोरगं तेवढा सगळा वेळ दुसऱ्या टोकाला, एसटी थांब्यावरच्या बाकाखाली, तापानं फणफणत पडलेलं. त्या तीन तासांत तिकडं एकही माणूस गेला नाही, कारण सगळ्यांना जागा माहीत होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "विमान कुठं शोधून राह्यलंय?"

"समुद्रात. त्या जागी."

"कोणत्या जागी? ती जागा कुणी सांगितली? ह्यानंच ना?" तिनं विहिरीकडं बोट केलं. "ह्यो फुगेवाला झाला आपला. बद्री तिथं न्हाई. तिथं कुणीच न्हाई. तिथं सात दिवस शोधलं तरी तो सापडायचा न्हाई."

"पर वहिनी, सांगितल्यावर त्यांनी शोधायचंच सोडून दिलं तर?"

हाच प्रश्न होता. सांगितलं नाही तर खोट्या जागी शोधत राहणार. सांगितलं तर कदाचित शोधणारच नाहीत. आणि मग तिनं आपल्याच तोंडानं आपल्या पोराला बुडवलं, असं जन्मभर होणार. तिला थंडी वाजायला लागली, भर उन्हात. कडूबा तिच्याकडं बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्या हुकमाची वाट बघत होता, आणि तिला त्याचा रागच आला. कधी नव्हे ते आजच का?

आणखी एक गोष्ट तिला टोचत होती. त्या वादळात विमान उडवणारी माणसं. तीही कुणाची तरी पोरंच. यांच्या हरभऱ्याच्या पाण्यापायी ती तिकडं जीव धोक्यात घालून रिकाम्या पाण्यावर घिरट्या घालत होती.

"काढा," ती म्हणाली.

कडूबानं दोरी ओढली. ती जड वस्तू कठड्यावर आली तरी दिवा चालूच होता. द्वारकाबाईनं ती मांडीवर घेतली आणि पदरानं पुसायला लागली, न्हाऊ घातलेल्या पोराचं डोकं पुसावं तशी, खाचाखाचांतलं पाणी टिपून. दिवा दोनदा लागला. तिसऱ्यांदा लागला. मग लागला नाही. तिनं वाट बघितली. अंधारलेल्या त्या काचेकडं बघताना तिला वाटलं, झालं, तोडली आपण त्याची दोरी.

"साहेबराव, चल जल्दी," ती म्हणाली. दिराला तिनं नावानं एकेरी हाक मारल्याचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

घरी येऊन तिनं बद्रीनं लिहून ठेवलेला मुंबईच्या ऑफिसचा नंबर लावला. साहेबराव शेजारी ते यंत्र घेऊन उभा. रजनीच आली फोनवर. द्वारकाबाईनं एका दमात सांगितलं, काहीही न लपवता. बद्रीनं न विचारता आणलं हेसुद्धा सांगितलं.

"आई, त्यावर आकडे आणि अक्षरं कोरली असतील. वाचता येतील का?"

साहेबरावानं एकेक अक्षर वाचलं. रजनी मध्येच म्हणाली, "थांबा. तेच आहे. जमिनीवरची जागा... अहो, ती जालना जिल्ह्यातच होती! आम्ही हसलो होतो तिला. विहिरीच्या खड्ड्यातून, म्हणूनच परत ऐकू आलं नाही!" आणि मग ती फोन बाजूला करून कुणाला तरी ओरडून सांगायला लागली. पलीकडं एकदम गलका झाला. कुणी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी "सुटलो बाबा" म्हणालं.

रजनी परत आली तेव्हा तिचा आवाज हसरा होता. "किती बरं झालं तुम्ही सांगितलंत! म्हणजे जहाज बुडालेलं नाही. आता काळजी करू नका, विमान परत बोलावतो."

"जहाज बोललं का?"

"अं? नाही, अजून नाही. पण वादळात वायरलेस बिघडतो कधीकधी. बुडालं असतं तर जहाजावरचं नवीन यंत्र वाजलं असतं ना."

"नवीन यंत्राला पाणी लागलं तर वाजंल. आग लागली असली तर?"

द्वारकाबाई थांबली नाही.

"बाई, मवा पोरगा इंजिनखान्यात काम करतो. तो म्हणतो, माय, आम्हाला पाण्याची भीती न्हाई, आगीची हाय. तुम्हाला दिवा सापडला. मवं पोरगं कुठं सापडलं?"

पलीकडं फोन कुणीतरी हिसकावून घेतला. जाड आवाज आला. "मी मार्तंड बोलतोय, इथला मॅनेजर. तुम्हाला कल्पना आहे का तुम्ही काय केलंय? सकाळपासून अर्धा समुद्र हलवलाय आम्ही. जहाजाची वस्तू घरी नेली तुमच्या मुलानं! केस होईल त्याच्यावर."

आता मात्र बाईचं टाळकं सरकलं. सकाळपासून दाबून ठेवलेली सगळी भीती तिच्या तोंडातून बाहेर पडली, आणि ती रागाचं रूप घेऊन पडली.

"करा केस! दोन करा! पर केस करायला आधी पोरगा तर आणा! काल सहाला जहाज बोललं तेव्हा ते कुठं व्हतं हे तुम्हाला ठाऊक हाय ना? मंग विमान घरी कशाला बोलावता? ते आधीच समुद्रावर हाय, त्याला तिकडं पाठवा! का त्याला रस्ता मी दाखवू टेंभुर्णीतून?"

साहेबरावानं कपाळावर हात मारला. मार्तंड साहेब काहीतरी बोलायला गेला, थांबला. मग त्याचा आवाज फोनपासून लांब गेला. "रजनी, विमानात तेल किती उरलंय विचार. लगेच." आणि फोन ठेवला गेला.

त्यानंतर सुरू झालं ते वाट बघणं. बाईनं फोनसमोर बसकण मारली ती हललीच नाही. शेजारणी आल्या, चहा घेऊन आल्या, चहा निवला. कडूबा दारात उकिडवा बसून होता. मधूनच म्हणायचा, "मव्या हातून झालं." थोड्या वेळानं परत म्हणायचा. बारा वाजले. एक वाजला. द्वारकाबाईला त्या मुंबईच्या टाळ्या पुन्हा पुन्हा ऐकू येत होत्या. एकदा तर तिनं फोन उचलून चालू आहे ना ते बघितलं, आणि त्याच क्षणी मुंबईहून फोन येत असला तर, या भीतीनं दाणकन खाली ठेवला.

तीन वाजून गेल्यावर घंटी झाली. तिला उचलवेना. साहेबरावानं उचलून तिच्या कानाला लावला.

"आई? रजनी बोलतेय. विमानाला जहाज दिसलं. रात्री आग लागली होती इंजिनखान्यात. सगळं बंद पडलंय, जहाज वाहत चाललंय, पण तरंगतंय. सगळे वर डेकवर आहेत. त्यांनी नारंगी धूर सोडला. विमानानं दोनदा फेरी मारून माणसं मोजली."

"किती?"

"एकवीस."

पुढचा प्रश्न विचारायला द्वारकाबाईला जेवढा धीर लागला तेवढा दिवसभरात लागला नव्हता.

"जहाजावर किती व्हते?"

"एकवीसच, आई. एकवीसच होते."

साहेबरावानं वहिनीच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि दाराकडं वळून ओरडला, "दादा, हाय!" कडूबानं उंबऱ्यावर डोकं टेकलं.

बद्रीचा स्वतःचा फोन आला चौथ्या दिवशी, पोरबंदरच्या दवाखान्यातून. दोन्ही हात भाजलेले, फोन कुणीतरी कानाशी धरलेला. आवाज बसलेला. आगीत वायरलेसची खोली गेली, म्हणाला. लाटा एवढ्या की होडी उतरवता येईना. लाल रॉकेट सोडली, पण त्या वादळात बघणारं कुणी नव्हतं.

"आन् माय, नव्या दिव्यानं दगा दिला. आम्ही त्याचं बटण दाबलं, परत परत दाबलं, लाइटच लागला न्हाई. आम्हाला कळलं, आता कुणाला पत्ताच न्हाई आपला. सगळे आपापल्या घरच्यांची नावं घ्यायला लागले. आन् दुपारी विमानाचा आवाज आला! आमची हाक गेलीच न्हाई, मंग विमान निघालं कसं ग?"

द्वारकाबाईनं तोंड उघडलं, पण चार दिवस न आलेलं रडू तेव्हाच आलं, आणि असं आलं की तिला शब्द काढता येईना. तिनं फोन कडूबाकडं दिला. कडूबानं तो दोन्ही हातांनी धरला. चार दिवसांत माणूस निम्मा झाला होता. कंपनीचं पत्र यायचं होतं, पोलीस एकदा येऊन गेले होते, आणि आता पोरगा काय म्हणेल याची भीती त्याच्या तोंडावर लख्ख दिसत होती.

"बद्री," तो म्हणाला, "तू आणलेला तो दिवा... मी हिरीत सोडला व्हता रे. पाण्याची खूण म्हणून. मव्या ध्यानात आलं न्हाई. त्याच्यापायी विमान निघालं. तुवी नोकरी जाईल आता मव्यापायी. चुकलं मवं."

फोनमधून नुसता हुंदक्यांचा आवाज येत होता, एवढा मोठा की शेजारी बसलेल्या द्वारकाबाईलाही ऐकू आला. कडूबा घाबरून तिच्याकडं बघायला लागला.

"रागावला का ग तो?" त्यानं विचारलं.